गिअरबॉक्सचा ताप आणि कूलरचा उतारा

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणाजवळ बुलहेड सिटी नावाचं गाव आहे. तिथून राज्यमार्ग क्रमांक ६८ ब्लॅक माउंटन्सच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर चढू लागतो आणि युनियन पास या खिंडीपर्यंत चढतच राहतो. रस्ता सुमारे १८ किलोमीटरचा आणि चढण जवळजवळ ९०० मीटरची. वाटेत सावली नाही आणि उन्हाळ्याच्या दुपारी पारा सहज चाळिशी ओलांडतो. सुज्ञ माणूस अशा वेळी या रस्त्याला जाणार नाही, पण पिकअप ट्रक बनवणाऱ्या कंपन्या नेमकी हीच वेळ साधून येतात. ट्रकमागे कमाल वजनाचा ट्रेलर जुंपायचा, हवा किमान १०० अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सिअस) तापली असेल तरच निघायचं, एसी पूर्ण ताकदीवर ठेवायचा आणि वर पोहोचेपर्यंत वेग ताशी ४० मैलांच्या (६४ किलोमीटर) खाली जाऊ द्यायचा नाही. मागे जोडचाकं असलेल्या मोठ्या ट्रकना पाच मैलांची सवलत मिळते. वाटेत डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा लागला, की ट्रक नापास.

ही परीक्षा एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘जे२८०७’ या मानकाचा भाग आहे. ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी ‘आमची गाडी इतके पाउंड ओढते’ हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवायची आणि जाहिरातींमध्ये तो दरवर्षी फुगत जायचा. टोयोटाने हे मानक सर्वांत आधी स्वीकारलं, बाकीच्या मोठ्या कंपन्या पुढच्या काही वर्षांत त्याच रांगेत आल्या.

त्या घाटात अभियंते जे तपासतात, तेच घरगुती पातळीवर कॅम्पर किंवा बोट ओढणाऱ्या प्रत्येकापुढे येतं: आपल्या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला आणखी एक ऑइल कूलर बसवावा का? सल्ला देणारे दोन गटांत वाटलेले असतात. एक म्हणतो, शे-दीडशे डॉलरचा तर प्रश्न आहे, बसवून टाका, नुकसान काही नाही. दुसरा म्हणतो, गरज असती तर कंपनीनेच बसवला असता. दोन्ही सल्ले गाडीकडे न बघता दिलेले आहेत. उष्णता कुठे तयार होते, कुठे जाते आणि आपल्या गाडीत ती किती साठते, हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पाहिलं, तर बहुतेक वेळा उत्तर समोरच असतं.

उष्णता येते कुठून

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. पाय उचलला की चकत्या एकमेकींना घट्ट चिकटतात आणि इंजिनाची ताकद जवळजवळ जशीच्या तशी पुढे जाते. पारंपरिक ऑटोमॅटिक गाडीत त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेला बंद डबा आणि त्यात समोरासमोर दोन पंखे. इंजिन एक पंखा फिरवतं, त्याने फेकलेलं तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं. परतणाऱ्या तेलाला मधला तिसरा, छोटा पंखा योग्य दिशेला वळवतो आणि त्यामुळे गाडी सुटताना टॉर्क जवळपास दुप्पट होतो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने या यंत्रणेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं ते जहाजांसाठी. मोटारींमध्ये तेलाचा सांधा मोठ्या प्रमाणावर आला तो १९३९ च्या अखेरीस, जनरल मोटर्सच्या ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्सबरोबर.

दोन पंख्यांमध्ये धातूचा सांधा नसल्यामुळे मागचा पंखा पुढच्याहून नेहमी थोडा कमी फिरतो. मधल्या मध्ये जी ताकद गळते ती सगळी तेल तापवते. ओझं जितकं जास्त आणि वेग जितका कमी, तितकी ही गळती मोठी. तळ्याकाठच्या ओल्या उतारावरून बोटीचा ट्रेलर वर ओढून काढताना चाकं हलायच्या आधी ॲक्सिलरेटर दाबून धरला, तर त्या काही सेकंदांत इंजिनाची जवळजवळ सारी ताकद तेलात उष्णता म्हणून जाते.

यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बहुतेक कन्व्हर्टरमध्ये लॉक-अप क्लच येऊ लागला. गाडीने वेग घेतला की हा क्लच दोन्ही पंखे एकमेकांशी पक्के जोडतो, घसर थांबते आणि तेल निवू लागतं. चढ लागला, ॲक्सिलरेटर जास्त दाबला गेला किंवा गिअर बदलला की लॉक सुटतो आणि पुन्हा तेल तापू लागतं. म्हणून ‘मागे किती वजन आहे’ याच्या बरोबरीने ‘लॉक किती वेळ सुटलेला राहतो’ हेही विचारायला हवं.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. एसयूव्ही आणि ट्रेलर मिळून ४,५०० किलो वजन, ताशी ७२ किलोमीटर वेग. सपाट रस्त्यावर हवेचा आणि टायरांचा विरोध मोडून काढायला चाकांवर सुमारे २६ किलोवॉट लागतात. लॉक लागलेला असताना गिअरबॉक्समध्ये उष्णता होते ती २ किलोवॉटच्या आसपास, म्हणजे घरातला एक गिझर. आता याच वेगाने सहा टक्क्यांचा चढ घ्या, म्हणजे दर शंभर मीटरला सहा मीटर वर. नुसतं हे वजन वर उचलायलाच ५३ किलोवॉट जास्त लागतात आणि एकूण गरज ८० च्या घरात जाते. लॉक सुटलेला असेल तर गळती १५ किलोवॉटपर्यंत पोहोचू शकते. एका गिझरचे सात झाले. तेलासकट शंभर किलोच्या गिअरबॉक्सला ही उष्णता बाहेर टाकायला वाटच मिळाली नाही, तर त्याचं तापमान दर मिनिटाला सुमारे दहा अंश सेल्सिअसने चढेल.

जाते कुठे

सुदैवाने वाट असते. बहुतेक गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ, दोन नळ्यांमधून पुढच्या रेडिएटरपर्यंत जाऊन येतं. रेडिएटरच्या टाकीत एक छोटा कूलर बुडवलेला असतो. आतून तेल, बाहेरून इंजिनाचं कूलंट. या रचनेचा एक मोठा गुण असा, की थंडीत सकाळी कूलंट आधी तापतं आणि तेलालाही ऊब देतं. तिची मर्यादाही याच रचनेत आहे: इंजिन रंगात आल्यावर कूलंटच ९०-९५ अंश सेल्सिअसला असतं, त्यामुळे तेल त्याखाली फारसं उतरूच शकत नाही. घाटात कूलंट आणखी तापतं, म्हणजे नेमकी गरज असताना हा कूलर दुबळा पडतो.

बाहेरून बसवायचा कूलर तेल थेट हवेने निववतो. ॲरिझोनाच्या ४० अंशांच्या हवेतही ९५ अंशांचं तेल हवेपेक्षा ५५ अंशांनी गरम असतं, आणि या फरकावरच उष्णता किती वेगाने बाहेर पडेल ते ठरतं. म्हणून पुस्तकाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा एवढं काम करू शकतो. पण त्याला वाहती हवा हवी. ट्रेलर मागे ढकलत चढावरच्या अंगणात नेताना हवा वाहत नाही. तिथे रेडिएटरचा पंखा जेवढी ओढेल तेवढीच मिळते.

बाहेरच्या कूलरकडे लोक आणखी एका कारणाने वळले. रेडिएटरच्या पोटातला कूलर फुटला तर कूलंट आणि एटीएफ एकमेकांत मिसळतात, गुलाबी दुधासारखं मिश्रण तयार होतं आणि गिअरबॉक्सच्या क्लचप्लेटांचं अस्तर सुटू लागतं. २००५ ते २०१० या काळातल्या निसानच्या पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर या गाड्यांमुळे हा प्रकार अमेरिकेत फार गाजला आणि न्यायालयापर्यंत गेला. अशा गाड्यांच्या कित्येक मालकांनी रेडिएटरमधला मार्ग बंद करून तेल केवळ बाहेरच्या कूलरमधून फिरवलं. तिथे कूलर बसवण्याचं कारण वेगळं होतं. ट्रेलर ओढण्याशी त्याचा संबंध नव्हता.

किती गरम म्हणजे फार गरम

अमेरिकेतल्या गॅरेजांच्या भिंतींवर एक तक्ता हमखास दिसतो. एटीएफ १७५ अंश फॅरनहाइटला (८० सेल्सिअस) राहिलं तर एक लाख मैल टिकतं, आणि त्यापुढे दर २० अंश फॅरनहाइटला आयुष्य निम्मं होतं: १९५ ला पन्नास हजार, २१५ ला पंचवीस, २३५ ला साडेबारा हजार मैल. २४० च्या पुढे तेलातून चिकट थर तयार होऊन झडपांवर बसू लागतो, २६० ला रबरी सील कडक होतात, २९५ च्या सुमारास क्लचप्लेटा घसरू लागतात.

तक्त्यामागचं तत्त्व जुनं आणि भक्कम आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनिउस यांनी १८८९ मध्ये रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो याचं समीकरण मांडलं. तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून खराब होतं, आणि दर दहा-अकरा अंश सेल्सिअसला हा वेग साधारण दुप्पट होतो. तक्त्यातले आकडे मात्र जुन्या खनिज तेलांचे आहेत. त्या काळी एटीएफमध्ये घर्षण नेमकं राखण्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेलसुद्धा मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावे लागले. आजची कृत्रिम तेलं त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त उष्णता सोसतात. शिवाय तेल पातळ राहावं आणि इंधन वाचावं म्हणून काही नव्या ट्रकमध्ये थर्मोस्टॅट लावून तेल मुद्दाम २०० अंश फॅरनहाइटच्या आसपास ठेवलं जातं. अशा गाडीत काटा २०० वर बघून घाबरलेला मालक कूलर घेऊन येतो, आणि गाडीचाच थर्मोस्टॅट त्या कूलरकडे तेल जाऊ देत नाही.

कामापुरते आडाखे असे. १७५ ते २०० फॅरनहाइट ही बहुतेक गिअरबॉक्सची घरची हवा. लांब चढावर थोडा वेळ २२० (१०४ सेल्सिअस) दिसलं तर लक्ष ठेवायचं. ते प्रत्येक चढावर दिसत असेल आणि उतारावरही लवकर खाली येत नसेल, तर काहीतरी करायला हवं. २५० (१२१ सेल्सिअस) दिसलं की गाडी बाजूला घ्यायची. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण.

बाजूला घेतल्यावर बहुतेक जण चटकन इंजिन बंद करतात, आणि ते चुकतं. इंजिन बंद झालं की तेलाचा पंपही थांबतो आणि तापलेलं तेल कन्व्हर्टरमध्येच अडकून पडतं. पुस्तिका सांगेल त्याप्रमाणे ‘पार्क’ किंवा हँडब्रेक लावून न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायचं, आरपीएम हजार-बाराशेपर्यंत वाढवायचे आणि काटा उतरताना बघत बसायचं.

आधी मोजा

इतके आकडे सांगितले, पण पुष्कळ गाड्यांच्या डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटाच नसतो. धोक्याचा दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. इंजिनाचा काटा मध्यावर स्थिर दिसतो म्हणून गिअरबॉक्स सुखात आहे, असं समजता येत नाही.

मोजणं मात्र स्वस्त आहे. १९९६ पासूनच्या अमेरिकेतल्या सगळ्या कारमध्ये स्टिअरिंगखाली ओबीडी-२ सॉकेट असतो. त्यात आगपेटीएवढा ब्लूटूथ ॲडॉप्टर खोचला आणि फोनवर ॲप घेतलं, की बऱ्याच गाड्यांमध्ये तेलाचं तापमान वाचता येतं. फक्त त्या कंपनीचा खास कोड ॲपमध्ये भरावा लागतो. एक गोष्ट नीट पाहायची: सेन्सर कुठला आहे. गिअरबॉक्सच्या चेंबरमधलं तेल कूलरहून परतून मिसळलेलं असतं. कन्व्हर्टरमधून नुकतं बाहेर पडलेलं तेल चढावर त्याहून वीस-तीस अंशांनी गरम असू शकतं. काही टोयोटा गाड्यांत दोन्ही आकडे मिळतात. वर दिलेले आडाखे चेंबरचे आहेत. कन्व्हर्टरचा आकडा त्यांना लावला तर उगाच धास्ती बसेल.

डिपस्टिक असेल तर तीही बोलते. ताजं एटीएफ लाल, पारदर्शक असतं. पांढऱ्या कागदी रुमालावर एक थेंब टाकून पाहावा. तो लालसर राहून पसरला तर ठीक. मध्यभागी तपकिरी डाग उमटला आणि जळकट वास आला, तर तेल तापून गेलेलं आहे. काळे बारीक कण दिसले, तर ती क्लचप्लेटांची झीज. अशा गिअरबॉक्सला कूलर लावून उपयोग नाही. आधी मेकॅनिककडे न्यायचं.

कूलरच्या आधीचे उपाय

तापमान खरोखर जास्त निघालं तरी लगेच दुकानात जायची गरज नसते. उष्णता तयार होते तिथेच ती कमी करता येते का, ते आधी बघावं.

पहिला उपाय फुकट आहे: गिअर. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये मोकळी सोडली तर चढावर ती पाचव्यातून चौथ्यात, चौथ्यातून पुन्हा पाचव्यात अशी घुटमळत राहते. प्रत्येक बदलात लॉक सुटतो, क्लच घसरतात, तेल तापतं. ओढण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच गाड्यांत ‘टो/हॉल’ बटण असतं. त्याने गाडी खालचा गिअर धरून ठेवते आणि लॉक शक्यतो सुटू देत नाही. बटण नसेल तर चढ सुरू होण्याआधीच हाताने एक गिअर खाली घ्यावा. इंजिन ओरडतं, पण गिअरबॉक्स निवतो. वरच्या गिअरला ओव्हरड्राइव्ह म्हणत त्या चार-गिअरवाल्या जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत ‘ट्रेलर ओढताना ओव्हरड्राइव्ह बंद करा’ असं ठळकपणे छापलेलं असायचं, ते याचसाठी. ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅन ओढणाऱ्या डिझेल गाड्यांना लॉक हाताने पक्का ठेवणारी यंत्रणा वेगळी बसवून मिळते.

दुसरा उपाय वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाच्या पटीत. उभ्या भिंतीसारखं तोंड असलेला कॅम्पर ताशी ७० ऐवजी ६० मैलांनी ओढला, तर हवेसाठी लागणारी ताकद एक तृतीयांशाहून अधिक कमी होते.

तिसरा उपाय तेल. अमेरिकी पुस्तिकांत देखभालीचे दोन तक्ते असतात, साधा आणि कठोर वापराचा. ट्रेलर ओढणं बहुतेक ठिकाणी दुसऱ्यात धरलेलं असतं. तेल ‘आयुष्यभर टिकतं’ असं विक्रेत्याने सांगितलेलं असो, ओढणाऱ्या गाडीने ते बदललेलं बरं.

तीन गाड्या, तीन उत्तरं

समजा, इलिनॉयमध्ये एकाकडे पाच वर्षांचा पिकअप ट्रक आहे. कंपनीचं टोइंग पॅकेज त्यात आहे, म्हणजे मोठा रेडिएटर आणि वेगळा ऑइल कूलर कारखान्यातूनच बसून आला आहे. तो ४,००० पाउंडांची बोट सपाट रस्त्याने तळ्यावर नेतो. ट्रकची जे२८०७ नुसार जाहीर क्षमता त्याच्या दुपटीहून जास्त आहे. याला दुसरा कूलर नको. डेव्हिस धरणाच्या घाटात त्याची परीक्षा होऊन गेली आहे. वर इलिनॉयचा हिवाळा आहे. थंड तेल दाट होतं, बऱ्याच गाड्यांत ते पुरेसं तापल्याशिवाय लॉक-अप लागतच नाही, आणि कडाक्याच्या थंडीत मोठ्या कूलरमध्ये तेल गोठल्यासारखं होऊन प्रवाहच अडू शकतो.

दुसरी गाडी फीनिक्समधली, पंधरा-सतरा वर्षांची एसयूव्ही. गिअर चारच, टोइंग पॅकेज नाही, रेडिएटरमधला छोटा कूलर तेवढा आहे. मागे ३,५०० पाउंडांचा उंच कॅम्पर जोडून दर उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत जायचं असतं. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे वजन मर्यादेत आहे, मालक गिअर खाली घेतो, तरी प्रत्येक लांब चढावर आकडा २३० च्या पुढे जातो. याने कूलर बसवावाच, आणि तोही पुढच्या उन्हाळ्याची वाट न पाहता. गिअरबॉक्स उघडून नवा करायला हजारो डॉलर लागतात. कूलर मजुरीसकट त्याच्या एका लहान अंशात होतो.

तिसरी गाडी अनेक मराठी वाचकांच्या ओळखीची निघेल: डेन्व्हरमधल्या कुटुंबाची मिनिव्हॅन. ओढण्याची मर्यादा ३,५०० पाउंड. घडी होणारा पॉप-अप कॅम्पर रिकामा १,८०० पाउंडांचा. गणित सोपं वाटतं. पण पाणी, गॅसची टाकी, अंथरुणं, शिधा भरल्यावर तो २,५०० च्या पुढे जातो आणि त्याचा दहा ते पंधरा टक्के भार, म्हणजे सुमारे ३०० पाउंड, थेट व्हॅनच्या हुकवर टेकतो. दारावरच्या स्टिकरप्रमाणे व्हॅनमध्ये माणसं आणि सामान मिळून १,२०० पाउंड चालतात, असं धरू. पाच माणसांचे ७००, सामानाचे २००, हुकवरचे ३००. मर्यादा इथेच संपली, आणि अजून आय-७० महामार्गाचा आयझेनहॉवर बोगदा यायचा आहे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर, बोगदा ११,१५८ फुटांवर. तिथली विरळ हवा इंजिनाची ताकदही कमी करते आणि रेडिएटरची निववण्याची शक्तीही.

या कुटुंबाने कूलर बसवावा का? पुस्तिकेत ‘इतक्या वजनापुढे ऑइल कूलर आवश्यक’ अशी अट असेल तर होय, ती पाळायलाच हवी. काही मिनिव्हॅन आणि क्रॉसओव्हर गाड्यांना अशी अट असते. पण त्याहून मोठा प्रश्न वजनाचा आहे. कूलर लावल्याने ब्रेक, टायर, मागची स्प्रिंग किंवा हुक यांतलं काहीच बळकट होत नाही. स्टिकरवरचा आकडा तोच राहतो. निम्मं सामान घरी ठेवणं आणि पाणी मुक्कामावर पोहोचून भरणं, यांनी या व्हॅनचं जास्त भलं होईल.

काही गाड्यांना तर हा प्रश्नच लागू नाही. मॅन्युअल गिअरबॉक्सला हा कूलर लागत नाही. सीव्हीटी, दोन क्लचांचे गिअरबॉक्स आणि हायब्रिड यांची तेलं आणि त्यांच्या प्रवाहाची गणितं वेगळी असतात. तिथे कंपनीने मान्य केलेलाच भाग लावावा.

महाराष्ट्रात कारमागे ट्रेलर जुंपलेला क्वचितच दिसतो, त्यामुळे इथे कूलर विकत घ्यायचं कारण सहसा पडत नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक एसयूव्ही मात्र आता भरपूर आहेत. सात माणसं, टपावर सामान आणि मे महिन्यातला आंबेनळी घाट असेल, तर गिअर हाताने धरून ठेवण्याचा उपाय इथेही तितकाच लागू पडतो.

बसवायचाच ठरला तर

कूलर तीन तऱ्हांचे मिळतात. वळवलेली नळी आणि तिच्यावर पत्र्याच्या पापुद्र्यांची जाळी, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी कामाचा. दुसऱ्यात नळीऐवजी सपाट पट्ट्या आणि पापुद्रे असतात. तिसऱ्यात पातळ चकत्यांचे थर एकावर एक रचलेले असतात. तेल थंड आणि दाट असताना यातलं बरंचसं तेल आडवाटेने निघून जातं आणि तापल्यावर सगळ्या थरांतून फिरतं, म्हणून पैसे थोडे जास्त पडले तरी बहुतेकांनी हाच घ्यावा. बर्फाळ प्रदेशात वेगळा थर्मोस्टॅटही लावावा.

जागा रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या पुढे. तेलाचा क्रम असा: गिअरबॉक्समधून आधी रेडिएटरमध्ये, तिथून नव्या कूलरमध्ये, मग परत. म्हणजे हिवाळ्यात रेडिएटर ऊब देतो आणि उन्हाळ्यात शेवटचा हात हवेचा लागतो. उलट जोडलं, तर नुकतं निवलेलं तेल रेडिएटरमध्ये जाऊन पुन्हा तापतं. कुठली नळी परतीची, हे अंदाजाने ठरवू नये. गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावं.

स्वस्त किटमध्ये रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालायच्या प्लॅस्टिकच्या काड्या येतात. गाडीच्या कंपनाने कूलर जाळीवर घासत राहतो आणि एक दिवस रेडिएटरच गळू लागतो. दोन पट्ट्यांचं ब्रॅकेट करून घ्यावं. होजपाइप एटीएफसाठीच बनवलेला हवा, त्यावर ‘एसएई जे१५३२’ छापलेलं असतं. पेट्रोलचा पाइप या तेलाच्या उष्णतेत कडक होऊन तडकतो. तो निसटला, तर गरम तेल एक्झॉस्टवर सांडून आग लागू शकते आणि गिअरबॉक्स काही मिनिटांत कोरडा पडतो. शेवटी, नव्या कूलरमध्ये आणि पाइपांमध्ये अर्धा-एक लिटर तेल जास्त मावतं. इंजिन चालू ठेवून, पुस्तिकेतल्या पद्धतीने पातळी पाहून ते भरावं.

वॉरंटीची धास्ती अनेकांना असते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला, हे तिला दाखवावं लागतं. सैल क्लिपमुळे तेल गळालं तर ते दाखवणं तिला मुळीच अवघड जाणार नाही, म्हणून पावती आणि काम केल्याचे फोटो जपून ठेवावेत.

मग पुन्हा तोच चढ, तोच ट्रेलर, शक्यतो तशीच दुपार, आणि पुन्हा मोजणी. फीनिक्सच्या त्या एसयूव्हीत २३० चा आकडा २०० च्या आसपास आला, तर पैसे कारणी लागले. आकडा जेमतेम हलला, तर आणखी मोठा कूलर आणण्याआधी लॉक-अप क्लच धरतो आहे का, रेडिएटर आतून चोंदला आहे का आणि त्याचा पंखा पुरती हवा ओढतो आहे का, हे तपासून घ्यावं. उष्णता जिथे चुकीची तयार होते आहे, ते ठिकाण सापडलं की दुरुस्ती तिथेच करायची.